ओटीपोटातील कर्करोग आणि यंत्राचा डोळा



वसंतातील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनात काही ठरावीक विषय असतात. ज्ञानेश्वरी असते, शिवकाल असतो, एखाद्या प्रवाशाने पाहिलेला हिमालय असतो. आमचा आजचा विषय त्या पंक्तीत बसणारा नव्हे, याची आम्हांला पुरती जाणीव आहे. चालकांनी फळ्यावर आमचे नाव लिहिले त्या दिवशी एक स्नेही वाटेत थांबवून म्हणाले, "अहो, दिवसभराच्या उकाड्यानंतर लोक घटकाभर वाऱ्याला येऊन बसतात, त्यांना कर्करोग कशाला ऐकवता?" प्रश्न रास्त होता. तरीही आम्ही विषय बदलला नाही. आमचा व्यवसाय क्ष-किरणाचा आणि त्याच्या भावंडांचा. मावळातील बायाबापड्या आमच्या टेबलावर येऊन आडव्या होतात तेव्हा त्यांना सांगण्याजोगे आमच्याजवळ पुष्कळ असते, परंतु सांगण्याची वेळ टळून गेलेली असते. ते त्या हिंडत्याफिरत्या असताना सांगावे लागते, आणि तशी जागा ही अशीच, सभेतली. पुण्यात माधवराव रानड्यांनी १८७५ साली वसंतातील व्याख्यानांची प्रथा पाडली, तीही केवळ करमणुकीसाठी पाडली नव्हती.

दुसरे असे की, पोटाच्या आत डोकावून पाहण्याची गोष्ट लोणावळ्याला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच साली 'योग-मीमांसा' नावाचे त्रैमासिक काढले. त्याच्या आरंभीच्या अंकांत त्यांनी काय छापले होते? उड्डियान आणि नौली करताना पोटातील मोठ्या आतड्याचे काय होते, ते क्ष-किरणांनी पाहून लिहिलेले प्रयोग! रोंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागून, म्हणजे १८९५ पासून, तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती. स्वामींनी यंत्राला एक नेमका प्रश्न विचारला आणि यंत्राने नेमके उत्तर दिले. आज आम्हांला जे सांगावयाचे आहे ते बरेचसे याच गोष्टीभोवती फिरणारे आहे. यंत्राला कोणता प्रश्न विचारावा, आणि मुख्य म्हणजे कोणता विचारू नये?

आधी ओटीपोट म्हणजे काय ते पाहू. कमरेची हाडे एकत्र येऊन एक बिनबुडाचे घमेले तयार होते. त्या घमेल्यात पुढल्या बाजूस मूत्राशय असते, मागे गुदाशय असते. स्त्रीच्या शरीरात या दोहोंच्या मध्ये गर्भाशय, ज्याला आपल्याकडे सरसकट पिशवी म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही अंगांस अंडाशय. पुरुषाच्या शरीरात मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची सुपारीएवढी गाठ. इतक्या थोड्या जागेत इतके शेजारी दाटीवाटीने राहतात की एकाच्या घरात लागलेली आग दुसऱ्याच्या घरात जावयास वेळ लागत नाही. वर सगळ्या बाजूंनी हाडांची भिंत. आणि त्या हाडांहून टणक अशी दुसरी भिंत म्हणजे आपली लाज. छातीत कळ आली तर माणूस चारचौघांत सांगतो. अंगावरून जाते, हे बाई नवऱ्यालाही सांगत नाही, आणि शौचाच्या वाटे रक्त जाते हे बाप्ये मूळव्याधीच्या नावाखाली दोन-दोन वर्षे दडपून ठेवतात.

नाणे मावळातील एका बाईची हकीकत सांगतो. नावगाव सांगत नाही, आणि ओळख पटण्याजोगे काही सांगत नाही. वय पन्नाशीच्या पुढे, पाळी जाऊन सहा-सात वर्षे झालेली. एके दिवशी पुन्हा थोडे लाल दिसले. बाईला वाटले, पाळी परतली. शेजारच्या म्हातारीने सांगितले, उष्णता आहे, सब्जाचे बी घे. भातलावणीचे दिवस होते. गुडघाभर चिखलात वाकून दिवस काढावयाचा, त्यात असल्या गोष्टीचा विचार कोण करतो? कपडे ती पहाटे अंधारात ओढ्यावर धुऊन आणी. असे काही महिने गेल्यावर सुनेच्या ते लक्षात आले. सून शहाणी, ती सासूला घेऊन दवाखान्यात गेली. कुठे गेली ते सांगण्याचे कारण नाही. तेथे पोटाची सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडे ठीक, पिशवी वयाप्रमाणे लहान, विशेष काही नाही, असा कागद मिळाला. "रिपोर्ट चांगला आला" म्हणून घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बाईने तो कागद देवघरात ठेवला, हे तिनेच आम्हांला पुढे सांगितले.

दहा महिन्यांनी ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या कमरेत कळ होती, पाय सुजला होता, आणि डावे मूत्रपिंड लघवी तुंबून फुगलेले होते. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग बाजूला पसरून त्याने मूत्रनलिका दाबून टाकली होती. "मावशी, आधी का नाही आलात?" असे आम्ही विचारले, आणि ती म्हणाली, "आले की हो डाक्टर. मशिनीत काही न्हवतं."

मशिनीत काही नव्हते. हे खरे होते, आणि त्यानेच घात केला. पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाचा लहान कर्करोग बहुधा दिसत नाही. जो रोग डॉक्टरने दिव्याच्या उजेडात, साध्या लोखंडी आरशाने दोन मिनिटे पाहिला असता तर डोळ्यांना दिसला असता, तो लाखो रुपयांच्या यंत्राला दिसला नाही. कारण यंत्राला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. आम्ही यंत्राचे माणूस आहोत, आमची भाकरी यंत्रावर आहे; तरी आम्हीच हे सांगितले पाहिजे की पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, दोन पाळ्यांच्या मध्ये दिसले, नवराबायकोच्या संबंधानंतर दिसले, किंवा दुर्गंधीचे पांढरे जात राहिले, तर आमच्याकडे आधी येऊ नका. आधी आतून तपासणी करून घ्या. सोनोग्राफीचा चांगला कागद ही त्या तपासणीची सूट नव्हे.

त्या तपासणीत काही संशयास्पद दिसले तर तुकडा काढून तपासावयास पाठवितात. येथे एक मोठी अडचण येते. "तुकडा काढला की रोग भडकतो, चाकू लागला की पसरतो" ही समजूत आम्ही पवन मावळातही ऐकली आहे आणि पुण्यातील पदवीधरांच्या तोंडूनही ऐकली आहे. ती उगवली कशी याचा अंदाज करता येतो. रोगी उशिरा येतो, तुकडा निघतो, निदान होते, आणि रोग आधीच पसरलेला असल्याने माणूस वर्षभरात जातो. लोक म्हणतात, तुकड्याने गेला. पिशवीच्या तोंडावरचा तांदळाएवढा तुकडा काढल्याने तेथला रोग पसरत नाही. तुकड्याशिवाय मात्र कर्करोग आहे असे निश्चित म्हणता येत नाही. कोणत्याही यंत्राला म्हणता येत नाही. सावली काळी की पांढरी, एवढे आम्ही पाहतो. ती कशाची आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणारा सांगतो. याला काही अपवाद आहेत. अंडाशयाच्या गाठीला बाहेरून सुई घालून तुकडा काढण्याचे बहुधा टाळतात, कारण ती फुटली तर आतले पाणी पोटात सांडते. पण तो निर्णय तज्ज्ञाचा. त्याचा म्हणीसारखा सर्वत्र वापर करू नये.

मग यंत्र कशासाठी? आता आम्ही आमच्या धंद्याची बाजू मांडतो.

बोरघाटातून गाडी जाते तेव्हा ती ज्या रुळांवरून जाते ते रूळ आतून तडकलेले नाहीत ना, हे रेल्वेचे लोक कसे पाहतात? रुळातून मानवी कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतात. तडा असेल तर तेथून तो प्रतिध्वनी होऊन लवकर परततो. येथे आयएनएस शिवाजीत जहाजांच्या यंत्रांचे शिक्षण घेणाऱ्यांनाही ही युक्ती ठाऊक असेल. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगांचे प्राध्यापक होते. बॉयलर बनविणाऱ्या कारखान्यात धातूतले दोष हुडकण्याचे असे यंत्र असते हे कळल्यावर ते १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून त्या कारखान्यात गेले आणि त्यांवर तो ध्वनी सोडून पाहू लागले. घन गाठीचा प्रतिध्वनी निराळा आणि पाण्याने भरलेल्या गाठीचा निराळा, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांच्याकडे एक बाई दाखविण्यात आली. पोट तट्ट फुगलेले. जठराचा असाध्य कर्करोग होऊन पोटात पाणी झाले आहे, आता करण्यासारखे काही नाही, असे जाणत्यांचे मत पडले होते. डोनाल्डांनी ध्वनियंत्र लावले, तो ते सुटे पाणी नव्हते. एक प्रचंड पाण्याची गाठ होती. ती अंडाशयाची साधी, कर्करोग नसलेली गाठ निघाली. ती काढली आणि बाई बरी झाली. हे सर्व १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापून आले. आज गावोगाव जी सोनोग्राफी होते तिचा जन्म हा असा.

आपल्याकडे मात्र या यंत्राचे नाव एका वेगळ्याच पापाशी जोडले गेले. पोटातील मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्यासाठी ते वापरले गेले आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली व नंतर देशाने १९९४ साली कायदा केला. त्या कायद्याची पाटी आमच्या भिंतीवर असते. पाटी वाचून एखादी साठीची बाई विचारते, "माझं काय बघणार तुम्ही?" तिला सांगावे लागते की पाळी गेलेल्या बाईच्या पिशवीचे आतले अस्तर किती जाड झाले आहे हे आतून केलेल्या सोनोग्राफीत मिलिमीटरमध्ये मोजता येते. रक्त गेले असून अस्तर चार मिलिमीटरपर्यंतच असेल तर पिशवीच्या अंगाचा कर्करोग असण्याचा संभव फार थोडा. त्याहून जाड असेल तर अस्तराचा नमुना तपासावा लागतो. पोटावरून सोनोग्राफी करताना पाणी पाजून लघवी तुंबवून का बसवितात, हा प्रश्न तर रोज येतो. भरलेले मूत्राशय आतड्यांना वर ढकलते आणि ध्वनीला पिशवीकडे जाण्यास पाण्याची स्वच्छ खिडकी मिळते. आतड्यातील वायू हा ध्वनीचा वैरी आहे. त्याच्यापुढे आमचे काही चालत नाही.

परंतु पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगात आमचे खरे काम एमआरआयचे. निदान तुकड्याने झाले. आता प्रश्न एवढाच की रोग कुठवर गेला आहे. या एका प्रश्नावर बाईचे पुढले आयुष्य अवलंबून असते. रोग लहान आणि जागच्या जागी असेल तर शस्त्रक्रिया करता येते. तो पिशवीच्या बाजूच्या मऊ भागात उतरला असेल तर शस्त्रक्रियेने तो पुरता निघत नाही. तेथे शेक आणि त्याच्या जोडीने औषध हा मार्ग. चुकून आधी चाकू चालविला आणि मग रोग बाहेर गेलेला निघाला, तर त्या बाईला शस्त्रक्रियाही सोसावी लागते आणि शेकही.

एमआरआय म्हणजे मोठे लोहचुंबक. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनच्या अणूंचे मध्य म्हणजे जणू सूक्ष्म होकायंत्रे. चुंबकात ती एका दिशेस वळतात. रेडिओच्या लहरींनी त्यांना क्षणभर ढकलले की परतताना ती स्वतःच बारीक लहरी सोडतात. त्या टिपून चित्र होते. १९७३ साली अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी असे पहिले चित्र छापले. त्यांना आणि इंग्लंडच्या पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यात क्ष-किरण नाहीत. ओटीपोट श्वासाबरोबर फारसे हलत नाही, म्हणून तेथील चित्र विशेष स्वच्छ येते. त्या चित्रात पिशवीच्या तोंडाभोवती निरोगी अवस्थेत एक काळे कडे दिसते, आणि कर्करोग त्याच्या आत राखी रंगाचा. आम्ही त्या कड्याकडे पाहत बसतो. कडे सगळीकडून अखंड असेल तर रोग बाजूला गेलेला नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. कडे एखाद्या जागी फुटले असले आणि राखी रंग त्यातून बाहेर डोकावत असला, तर पुढली सगळी योजना बदलते. एखाद्या बाईचे नशीब दोन-तीन मिलिमीटरच्या काळ्या रेघेत आहे, हे पाहताना आमच्यासारख्या निबर झालेल्या माणसाचाही हात थबकतो.

त्या यंत्राची भीती मात्र लोकांना उगाच वाटते. बोगद्यासारखी जागा असते, ठकठक आवाज पुष्कळ होतो, वीस-पंचवीस मिनिटे निश्चल पडावे लागते, एवढेच. अंगावरचे धातू काढावे लागतात. मंगळसूत्र काढण्यावरून आमच्या दाराशी काय काय संवाद झाले आहेत त्यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल. एका आजींनी शेवटी तोड काढली, मंगळसूत्र नवऱ्याच्या गळ्यात घातले आणि आत गेल्या. आजोबा अर्धा तास ते घालून बाकावर बसले होते. हृदयाला यंत्र बसविलेले असेल किंवा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर ते मात्र आधी सांगितलेच पाहिजे.

आपल्याला आश्चर्य वाटेल, परंतु या रोगाची अवस्था ठरविताना जगभरातील डॉक्टर २०१८ सालापर्यंत बोटांवरच विसंबून होते. लीग ऑफ नेशन्सच्या काळात, १९२९ साली, अवस्था ठरविण्याची पहिली पद्धत आखली गेली; पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ती चालविली. छातीचा क्ष-किरण, मूत्रमार्गाचा फोटो एवढी साधी साधने चालत. एमआरआय केला तरी त्यावरून अवस्था बदलावयाची नाही, असा नियम. याचे कारण आमच्या मते मोठे सौजन्याचे होते. हा रोग अधिक होतो गरीब देशांत, आणि तेथे ही यंत्रे नाहीत. म्हणून सर्वांना सारखी मोजपट्टी असावी. २०१८ साली महासंघाने नियम बदलला आणि जेथे यंत्र असेल तेथे चित्राचाही आधार घेण्यास मुभा दिली. ओटीपोटातील गाठींत, म्हणजे लसिकाग्रंथींत, रोग गेलेला चित्रात दिसला तर ती तिसरी अवस्था धरतात. बोटांना या गाठी कधी लागत नव्हत्या.

त्या गाठी आणि दूरचा पसारा पाहावयास सीटी स्कॅन व पेट स्कॅन. सीटी म्हणजे क्ष-किरणांनी पाडलेले शरीराचे काप. हौन्सफिल्ड यांचे पहिले यंत्र १९७१ सालचे. पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सारी केलेली साखर शिरेतून देतात. हपापलेल्या पेशी ती अधिक खातात आणि चित्रात चमकतात. ही साखर फार अल्पायुषी. दर ११० मिनिटांनी तिचा प्रभाव निम्मा होतो. मुंबईहून पुण्यास निघालेली अशी साखर पावसाळ्यातील रविवारी आपल्या घाटात अडकली तर काय होईल, हे लोणावळेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. आणि हे यंत्रही फसते. ती साखर लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्राशय दिव्यासारखे उजळते आणि त्याच्या लगतचे काही दिसेनासे होते. जंतुदोषानेही एखादी गाठ चमकते. चमकले म्हणजे कर्करोगच, असे नाही.

पुरुषांविषयी थोडे बोलतो. थोडे यासाठी की वेळ थोडा आहे, रोग थोडे आहेत म्हणून नव्हे. शौचावाटे रक्त जात असेल तर मूळव्याधच आहे असे घरी ठरवू नये. बोटाने तपासणी करणारा डॉक्टर गुदाशयातील बऱ्याच गाठी तेवढ्यानेच ओळखतो. तेथेही एमआरआय हाच पुढला वाटाड्या, कारण गुदाशयाभोवती चरबीचे एक आवरण असते, रोग त्याच्या कडेपर्यंत पोचला आहे काय यावरून आधी शेक द्यावयाचा की थेट शस्त्रक्रिया हे ठरते. लघवीतून न दुखता रक्त गेले, एकदाच गेले आणि थांबले, तरी मूत्राशयात दुर्बीण घालून पाहावे. थांबले म्हणजे बरे झाले असे नव्हे. हे स्त्रियांनाही लागू. प्रोस्टेटच्या बाबतीत रक्ताची तपासणी वाढलेली आली की पूर्वी अंदाजाने सुया टोचीत. आता पुष्कळ ठिकाणी आधी एमआरआय करून संशयाची जागा पाहून टोचतात.

अंडाशयाच्या कर्करोगाविषयी आमच्याजवळ फारसे समाधानकारक सांगण्यासारखे नाही. पोट फुगते, थोडे खाल्ले की भरते, लघवीला वारंवार जावे लागते; ही लक्षणे इतकी सामान्य की कोणीही ती पित्तावर घालविते. दरवर्षी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी केली तर हा रोग लवकर सापडून जीव वाचतील, असे आम्हां सर्वांना वाटत होते. इंग्लंडमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर याची परीक्षा झाली. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून निरोगी बाईने केवळ या भीतीपोटी दरवर्षी यंत्राखाली जावे, असे आम्ही सांगणार नाही. लक्षणे महिनाभर टिकली तर मात्र जावे.

पिशवीच्या तोंडाची गोष्ट नेमकी उलटी आहे. येथे यंत्राविना जीव वाचविता येतात, आणि ते महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया एका अभ्यासात घेतल्या गेल्या. ज्या गावांतील स्त्रियांची या रोगाला कारण होणाऱ्या विषाणूसाठी एकदा तपासणी झाली, त्या गावांत आठ वर्षांत या रोगाने झालेले मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने, जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या लोकांनी दीड लाखांवर स्त्रिया घेतल्या. दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्या तयार केल्या, त्यांनी दर दोन वर्षांनी शिरक्यातले आम्ल लावून पिशवीचे तोंड डोळ्यांनी पाहिले. बारा वर्षांच्या हिशेबात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. यात ना सोनोग्राफी होती, ना चुंबक. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, देशातील पहिली. तेथील कार्यकर्त्यांनी गावोगाव बायकांच्या बैठका घेऊन केवळ लक्षणे समजावून सांगितली, तरी बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. मावळातील अंदर, नाणे, पवन या तिन्ही खोऱ्यांत हे न होण्याचे आम्हांला तरी कारण दिसत नाही.

देशात या एका रोगाचे वर्षाला सुमारे सव्वा लाख नवे रोगी होतात आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया मरतात, असा २०२२ सालचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. विषाणूचा या रोगाशी संबंध जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ साली दाखविला. त्यांना २००८ साली नोबेल मिळाले. त्याविरुद्धची लस आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. ती मुलींना वयाच्या नवव्या ते चौदाव्या वर्षी देणे चांगले. लस टोचली तरी तिशीनंतर तपासणी चुकवावयाची नाही.

आता उपचारांविषयी एकच. उशिरा आलेल्या बाईला लोक घरी घेऊन जातात, "आता काय उपयोग" म्हणून. हे बरोबर नव्हे. टाटा रुग्णालयात २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या अवस्थेतील ८५० स्त्रियांवर अभ्यास झाला. नुसता शेक घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी शंभरांत ४६ जिवंत होत्या. शेकाबरोबर दर आठवड्यास औषध घेतलेल्यांत ५४. तिसऱ्या अवस्थेत निम्म्याहून अधिक! हे रुग्णालय परळला १९४१ साली उभे राहिले ते सर दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधीतून. त्यांची पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारली होती. त्याच दोराबजींच्या काळात आपल्या वळवणच्या तलावाचे पाणी खोपोलीस उतरवून १९१५ साली मुंबईला वीज गेली. तेव्हा मुंबईच्या त्या इमारतीशी मावळाचे काही देणेघेणे नाही असे कोणी समजू नये. पैशाची काळजी असणाऱ्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी, शिधापत्रिका बरोबर न्यावी. आणि जुने कागद, जुन्या फिल्म, तुकड्याचा अहवाल एका पिशवीत घालून न्यावेत. नुसते तोंडी सांगून भागत नाही. जुने चित्र शेजारी ठेवल्याशिवाय नव्या चित्राचा निम्मा अर्थ आम्हांला लागत नाही.

त्या नाणे मावळातील बाईंनी मुंबईस सहा आठवडे शेक घेतला. नंतर एक वर्ष बऱ्या होत्या, शेतावरही गेल्या. दुसऱ्या दिवाळीनंतर रोग फुप्फुसात दिसला आणि होळीच्या सुमारास त्या गेल्या. त्यांची ती सून पुढल्या पावसाळ्यात आमच्याकडे आली. आम्हांला वाटले, आता हिला काय झाले? तिला काही झाले नव्हते. वय बत्तीस, तपासणी कुठे करतात एवढे विचारावयास आली होती, आणि बरोबर दोघी जावांना घेऊन आली होती. आम्ही त्यांना आतून तपासणी करणाऱ्या बाईंकडे पाठविले. तिघींचेही ठीक निघाले. आमच्या यंत्राला त्या दिवशी काही काम पडले नाही.

आमचे बोलणे येथे संपवितो. चालकांना विनंती करून मागच्या टेबलावर कागदाचे कपटे आणि पेन्सिली ठेवविल्या आहेत. ज्यांना उभे राहून विचारण्यास संकोच वाटतो त्यांनी प्रश्न लिहून पेटीत टाकावा. नाव लिहू नये. पेटी आधी स्त्रियांच्या बाजूने फिरेल, आणि वेळ होईल तोवर आम्ही येथे बसून आहोत.